मुलग्यांची प्रतिनिधी

एकदा एका खुर्चीच्या मागणीवरून एका नर्सिंग विद्यालयातील माणसे एकमेकांकडे तिरप्या नजरेने पाहू लागली.

डोंगराच्या पायथ्याशी, तालुक्याच्या रुग्णालयाला लागून असलेले हे विद्यालय मुलींसाठी म्हणून स्थापन झाले होते. पुढे नियम बदलला आणि मुलग्यांनाही प्रवेश मिळू लागला. ते आले, पण थोडेच आले. प्रत्येक वर्गात मागच्या एका बाकावर मावतील इतके. विद्यार्थी मंडळ मतदानाने निवडले जाई, त्यामुळे मंडळाच्या पाचही जागांवर दर वर्षी मुलीच येत. यात काही वावगे आहे असे कुणाच्या मनातही आले नव्हते. मग एके दिवशी दुसऱ्या वर्षाचा निवृत्ती ढोले नावाचा विद्यार्थी मंडळासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्यासाठी एक जागा राखून ठेवा. एकच."

मंडळाची अध्यक्ष यामिनी खरात हिने त्याला विचारले, "कशासाठी? तुमची काय अडचण आहे?"

निवृत्तीने खाली पाहिले. "अडचण अशी नाही, ताई. पण आमच्यातला एक जण इथे असावा."

अडचण नाही आणि जागा मात्र हवी, हे ऐकून यामिनीच्या मनात पाल चुकचुकली. त्यातच कुणीतरी बातमी आणली की निवृत्ती आदल्या आठवड्यात संस्थेच्या एका विश्वस्तांच्या घरी चहाला गेला होता. हे विश्वस्त विद्यार्थी मंडळाच्या कारभारात नाक खुपसायला टपलेले असतात, हे सगळ्यांना ठाऊक होते. झाले. भोजनगृहात मुली हलक्या आवाजात बोलू लागल्या, आणि एखादी मुलगी जवळून गेली की मुलगे बोलता बोलता गप्प होऊ लागले.

यामिनीच्या संशयाला घरचेही कारण होते. तिची आई जन्मभर परिचारिका होती. तिच्या हाताखाली काम शिकलेला एक पुरुष तिच्याच वॉर्डाचा इनचार्ज झाला होता आणि निवृत्त होईपर्यंत ती त्याला 'सर' म्हणत राहिली. आईने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. पण यामिनीने ते पाहिले होते.

विद्यालयाच्या आवारातच थोरल्या बाई राहत. एके काळी त्या इथल्या प्राचार्या होत्या. आता त्यांना नीट दिसत नसे आणि चालताना भिंतीचा आधार लागे, तरी काही पेच पडला की नव्या प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या मुलीपर्यंत सगळे त्यांच्याकडेच जात. यामिनीही गेली.

"बाई, तुम्ही एकदा नाही म्हणालात की विषय संपेल," ती म्हणाली. "बाहेर सगळीकडे त्यांचंच चालतं. एवढी एक जागा आमची आहे, तिथेही त्यांना शिरायचंय. आज एक खुर्ची, उद्या अध्यक्षपद."

बाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "पुढच्या सभेपर्यंत मुलग्यांची प्रतिनिधी तू."

"मी?"

"तूच. त्यांच्याकडे जा, काय हवं-नको ते विचार आणि सभेत त्यांच्या वतीने बोल. काम नीट झालं, तर वेगळी जागा कशाला हवी?"

जी या मागणीच्या सर्वांत विरुद्ध, तिलाच बाईंनी हे काम का द्यावे, हे कुणालाच उमगले नाही. मैत्रिणी म्हणाल्या, "म्हातारपणामुळे असेल." यामिनीला मात्र आनंद झाला. आपण हे काम इतके चोख करू की पुन्हा जागेचे नाव निघणार नाही, असे तिने मनोमन ठरवले.

ती खरोखर मनापासून कामाला लागली. भोजनगृहात मुलग्यांच्या टेबलावर जाऊन बसली. संध्याकाळी त्यांच्या वसतिगृहाच्या ओसरीवर गेली. ती आली की सगळे उठून उभे राहत, कुणीतरी खुर्ची पुढे सरकवी. "सगळं ठीक आहे, ताई," प्रत्येक जण म्हणे. बराच वेळ गेल्यावर एक जण म्हणाला की खोलीतला पंखा आवाज करतो. यामिनीने दुसऱ्याच दिवशी तो दुरुस्त करून घेतला.

पण परतताना तिला आत कुठेतरी टोचत राही. ही मुले काही तरी लपवत आहेत, हे स्पष्ट दिसत होते. एकदा तिने निवृत्तीला गाठलेच. "मी इतकी येते, विचारते. तुम्ही माझ्यावर विश्वास का ठेवत नाही?"

"ताई, तुम्ही आमच्यावर ठेवता?" त्याने विचारले.

तिला राग आला. "विश्वस्तांच्या घरी चहा पिऊन येणाऱ्यांवर कसा ठेवायचा?" ती म्हणाली आणि निघून आली.

सभेच्या आदल्या दुपारी ती रुग्णालयातून परतत होती. फाटकाजवळच्या बस थांब्यावर तिसऱ्या वर्षाचा अंकुश वाघचौरे उभा होता. पायाशी पत्र्याची ट्रंक आणि गुंडाळलेली गादी. परीक्षा तोंडावर आलेली असताना कुणी गादी घेऊन गावी जात नाही.

"कुठे निघालास?" तिने विचारले.

"घरी."

"परत कधी येणार?"

तो रस्त्याकडे पाहत राहिला.

"मी सध्या तुमची प्रतिनिधी आहे," यामिनी म्हणाली. आपलेच शब्द तिला पोकळ वाटले. "मला सांगायला हवं तू."

अंकुश कडवट हसला. "तुम्हाला काय सांगायचं? तुम्हाला तर सगळं माहीतच आहे. भोजनगृहात तुम्हीच म्हणालात ना, असल्यांना लेबर रूममध्ये सोडतातच कशाला? मी मागच्या टेबलावर होतो."

यामिनी तसे म्हणाली होती. काही महिन्यांपूर्वी रुग्णालयात गलका झाला होता की प्रसूती विभागातून एका विद्यार्थ्याला नातेवाइकांनी ओढून बाहेर काढले. त्याने काय केले, हे कुणी पाहिले नव्हते. त्याने काही तरी केले असणार, यावर मात्र सगळ्यांचे एकमत होते.

"काय झालं होतं?" तिने विचारले. हा प्रश्न तिने इतक्या दिवसांत प्रथमच विचारला होता.

"सिस्टरनी ट्रे आणायला सांगितला. मी घेऊन आत गेलो. त्या बाईच्या दिराने दारातच माझी कॉलर धरली. म्हणाला, इथे पुरुषाचं काय काम? मी सांगत होतो की मी विद्यार्थी आहे. सिस्टर आल्या. मला वाटलं, सांगतील. पण त्यांना गर्दी शांत करायची होती. त्या म्हणाल्या, 'काढते त्याला बाहेर, तुम्ही ओरडू नका.' झालं. तेव्हापासून आमच्यापैकी एकालाही त्या विभागात पाठवलेलं नाही. तिथलं काम पूर्ण झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे."

"मग हे बोलला का नाहीत? मी रोज विचारत होते!"

"काय बोलणार, ताई?" अंकुशने विचारले. "मला लेबर रूममध्ये जायचंय, असं एखाद्या मुलाने येऊन तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही काय समजला असता?"

समोरून बस आली. त्याने ट्रंक उचलली. यामिनीने "थांब" म्हणायला तोंड उघडले, पण थांबून काय, हे तिला सांगता येईना. बस निघून गेली.

ती तशीच थोरल्या बाईंकडे आली. "तुम्हाला हे माहीत होतं?" तिने दारातूनच विचारले.

बाईंनी सगळी हकीकत ऐकून घेतली. त्यांचा चेहरा उतरला. "नाही गं," त्या म्हणाल्या. "मला कसं कळणार? मी तरी त्यांची कोण? काही तरी असणार एवढंच वाटलं होतं. माणूस जागा मागतो आणि कारण सांगत नाही, तेव्हा ते कारण बहुधा सांगण्यासारखं नसतं."

त्यांनी तिला जवळ बसवले.

"आमच्या वेळी मोठ्या रुग्णालयात शिकणाऱ्या आम्ही मुली मोजक्या होतो. विद्यार्थी मंडळात सगळे डॉक्टरकी शिकणारे मुलगे. त्यांचा अध्यक्ष फार सज्जन होता. तुझ्यासारखाच आमच्याकडे आला, म्हणाला, भगिनींनो, काय अडचण असेल ती निःसंकोच सांगा. आम्ही सांगितलं, नळाला पाणी कमी येतं. त्याने नळ दुरुस्त करून दिला. त्याच वेळी एक प्राध्यापक शिकवण्याच्या निमित्ताने आमच्या अंगाला हात लावत होते. ते आम्ही त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर आधी आमच्याचकडे पाहिलं गेलं असतं. त्याने सभेत प्रामाणिकपणे सांगितलं की मुलींची तक्रार नाही. तो प्रामाणिक होता ना, म्हणूनच सगळ्यांनी ते खरं मानलं. दुसऱ्याचं भलं चिंतणं वेगळं आणि दुसऱ्याच्या जागी उभं राहून बोलणं वेगळं. जे दुःख तुझ्यासमोर उच्चारायलाच लाज वाटते, ते तू कितीही चांगली असलीस तरी तुझ्या तोंडून सभेत कसं पोहोचेल?"

यामिनी म्हणाली, "पण बाई, माझा संशय खोटा नाही. माझ्या आईचं काय झालं ते मी पाहिलंय. आणि तो विश्वस्तांकडे गेला होता, हेही खरं आहे."

"खरं असेल. मी कुठे म्हणते संशय टाकून दे? त्यांना जागा दे आणि डोळे उघडे ठेव. आपल्याला वाटणारी भीती खरी असली, तरी ती समोरच्याचं तोंड बंद करायला पुरेशी नसते."

दुसऱ्या दिवशीच्या सभेत यामिनी मुलग्यांची प्रतिनिधी म्हणून उभी राहिली. "मला त्यांनी फक्त पंख्याचं सांगितलं," ती म्हणाली, "आणि म्हणूनच माझ्या मते त्यांना स्वतःचा माणूस हवा." मग तिने अंकुशची हकीकत सांगितली. भोजनगृहात आपण काय बोललो होतो, तेही सांगितले. सभेत बराच वाद झाला. एक मुलगी म्हणाली, "यामिनी फितूर झाली." शेवटी एका मताच्या फरकाने राखीव जागेचा ठराव संमत झाला. प्राचार्यांनी प्रसूती विभागाच्या सिस्टरांना बोलावून घेतले. यापुढे प्रत्येक बाळंतिणीला आधी विचारायचे आणि ती हो म्हणाली, तर ज्येष्ठ सिस्टरांसोबत विद्यार्थ्याने आत जायचे, असे ठरले.

रविवारी यामिनी आणि निवृत्ती अंकुशला आणायला त्याच्या गावी निघाले. वाटेत ती त्याला म्हणाली, "आता तरी सांग. विश्वस्तांकडे कशाला गेला होतास?"

"त्यांनीच बोलावलं होतं. म्हणाले, मंडळ ताब्यात घ्या, मी आहे पाठीशी."

"मग तू काय म्हणालास?"

"काहीच नाही. चहा प्यायलो आणि आलो."

"नाही म्हणाला नाहीस?"

"ते संस्थेचे विश्वस्त आहेत, ताई. मी दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. कसं म्हणणार?"

या उत्तराने तिचे पूर्ण समाधान झाले नाही. तिने तसे त्याला सांगितले, आणि त्याने मान डोलावली.

अंकुशच्या आईने त्यांना अंगणातच थांबवले. "आता आणखी काय करायचं राहिलंय माझ्या पोराचं?" तिने विचारले. यामिनी म्हणाली, "काकू, मी तुमच्या मुलाबद्दल नको ते बोलले. काय झालं ते विचारलंसुद्धा नव्हतं. ते त्याच्यासमोर कबूल करायला आलेय." त्या माउलीने तिला खालपासून वरपर्यंत निरखले. आत या म्हणाली नाही. पण अंकुशला हाक मारली. तो त्या दिवशी त्यांच्याबरोबर आला नाही. तीन-चार दिवसांनी आला, प्रसूती विभागातले राहिलेले काम पूर्ण केले आणि परीक्षेला बसला.

मुलग्यांनी आपल्या जागेवर निवृत्तीला पाठवले. पहिल्या काही बैठकांत तो बोले तेव्हा यामिनी त्याचा प्रत्येक शब्द तोलून पाही, आणि ती बोले तेव्हा तोही तेच करी. मग एकदा यामिनीने ग्रंथालयाच्या वेळेबद्दल एक ठराव मांडला. निवृत्तीने त्याला विरोध केला, कारणे दिली, आणि ठराव पडला.

ती तावातावाने थोरल्या बाईंकडे गेली. "त्याने माझ्याविरुद्ध मत दिलं, बाई!"

"पाठीमागून?"



"नाही. तोंडावर."

बाईंनी चाचपडत शेजारची खुर्ची तिच्याकडे सरकवली. यामिनी बसली. खिडकीतून रुग्णालयाचे आवार दिसत होते; तिथे दोन विद्यार्थी आणि एक विद्यार्थिनी कशावरून तरी मोठमोठ्याने भांडत होते, आणि जवळून कुणी गेले तरी त्यांचे बोलणे थांबत नव्हते. ती कितीतरी वेळ ते ऐकत राहिली.