खडपबेटाचे सुतक

वेळणखोलच्या किनाऱ्यावर, भरतीच्या रेषेच्या थोडे खाली, एक मोठा दगड तिरका रुतलेला आहे. त्यावर अक्षरे कोरली आहेत: ‘खडपबेट, दरबारची हद्द’. बेट समोर दिसते, पण ते अर्धा कोस आत, समुद्रात. मग हद्दीचा दगड इकडे कसा, आणि त्याच्याभोवती फुटक्या मडक्यांच्या खापऱ्यांचा हा गुडघाभर ढीग कसला, असे पाहुणे विचारतात. तेव्हा गावचे म्हातारे धर्मा तांडेल जाळे विणायचे थांबवतात आणि चांगुणा कोळणीचे नाव घेतात.

फार जुनी गोष्ट. घाटावरच्या दरबाराने म्हणे एका दसऱ्याला खडपबेट आपले असल्याचे जाहीर केले. बेटावर ठाणे होते दुसऱ्याच एका सरदाराचे. तोफा त्याच्या, जकात त्याची. दरबारचा एकही माणूस तिथे कधी उतरला नव्हता. तरी बेटाचा सुभेदार नेमला गेला. त्याला पालखी मिळाली, शिक्का मिळाला, आणि बेटावर रोवायला हा दगड मिळाला. सुभेदार येऊन बसला तो वेळणखोलच्या वाळूत, शामियाना ठोकून. तिथूनच समोर पाहत तो बेटाचा कारभार करू लागला.

गावाला त्याचे हसू येई. पण ते वैशाख लागेपर्यंतच. उन्हाळ्यात बेटावरची एकुलती विहीर मचूळ होते. पिढ्यान्‌पिढ्या वेळणखोलच्या होड्या इथल्या झऱ्याचे पाणी मडक्यांत भरून तिकडे नेत. गावच्या निम्म्या लेकी बेटावरच दिलेल्या. धक्क्यावर सरदाराचा पहारेकरी नाव विचारी, हातावर शिक्का उठवी, की झाले. सुभेदाराने नेमके हेच धरले. आपल्याच भूमीवर पाय ठेवायला परक्याचा शिक्का घ्यायचा म्हणजे बेट परक्याचे असल्याचे कबूल करायचे. त्याने गावातली सगळी वल्ही जप्त केली. तिकडे सरदारही हट्टाला पेटला आणि त्याने बेटावरच्या होड्या साखळीने बांधल्या.

चांगुणाची एकुलती लेक मथी बेटावर होती. तिला नववा महिना लागला होता. चांगुणा शामियान्यापुढे जाऊन उभी राहिली.

“सुभेदारसायब, बेट तुमचंच ना?”

“दरबारचे. यात शंका नाही.”

“मंग माजी पोर तुमचीच रयत. तिला पानी पाजा.”

“पाजू. आपली कचेरी तिथे बसली, की पहिला हुकूम पाण्याचाच निघेल.”

“कवा बसंल कचेरी?”

सुभेदाराने कारकुनाकडे पाहिले. कारकुनाने बेटाकडे.

“तवर तिला काय सांगू? तहान दाबून ठेव म्हनू?”

सुभेदाराने कारकुनाला पुढचा कागद काढायला सांगितले.

अमावास्येच्या दिवशी चांगुणाने सात मडकी भरली. नऊ म्हणणारेही आहेत. दिवस कलताना ती होडीत ठेवून, वल्ह्याच्या जागी दाराची फळी घेऊन ती निघाली. शिपायांनी होडी मागे ओढली आणि मडकी त्याच हद्दीच्या दगडावर आपटून फोडली. एक तेवढे तिच्या कमरेवर राहिले. ती रडली नाही, कुणाच्या पाया पडली नाही. मडके डोक्यावर घेऊन सरळ समुद्रात चालू लागली.

ओहोटी होती, पण त्या दिवशीची ओहोटी थांबलीच नाही, असे सांगतात. पाणी तिच्या पुढे पुढे हटत गेले. बेटापर्यंत ते तिच्या घोट्याच्या वर चढले नाही. हे असेच घडले, की जन्मभर तिथे शिंपल्यांतली कालवे काढणाऱ्या बाईला खडकांवरची वाट ठाऊक होती, हे आता कोण सांगणार. धर्मा तांडेलही इथे जरा अडखळतात. पुढच्याबद्दल मात्र ते ठाम आहेत. वाट उघडलेली पाहून सुभेदाराला आठवण झाली ती पाण्याची नाही, दगडाची.

“उचला,” तो म्हणाला.

आठ शिपाई दगड उचलून धावले. वीस पावले गेले नसतील, तोच पायाखालची वाळू खचली, दगड तिरका रुतला आणि हटलेला दर्या परत चढून आला. शिपाई जीव घेऊन पळाले. मडके पोहोचले. दगड तिथेच राहिला.

पण मथी आईच्या हाती लागली नाही. आदल्या रात्री ती बाळंत झाली होती आणि सकाळी, तापात, पाणी पाणी करत गेली होती. मडक्यातले पाणी तिच्या मुलीच्या ओठांना तेवढे लागले.

दुसऱ्या दिवशी सरदाराच्या पहारेकऱ्याने, कुणाला न विचारता, एक होडी सोडून दिली. चांगुणा नातीला पोटाशी बांधून परतली. सुभेदारादेखत तिने ते रिकामे मडके दगडावर फोडले.

“बेट तुमचं. मंग मेली ती पन तुमचीच,” ती म्हणाली. “सुतक धरा.”

सुतकातल्या घराशी कुणी खाण्यापिण्याचा व्यवहार ठेवत नाही. गावाने त्या दिवसापासून शामियान्याला विस्तवही दिला नाही. बायकांनी आत जाऊन आपली वल्ही उचलली. अडवायला कुणी उठले नाही. पाऊस लागायच्या आत सुभेदार घाट चढून गेला.

आजही वैशाख अमावास्येला वेळणखोलच्या बायका पाण्याची मडकी होड्यांतून बेटावर पोहोचवतात आणि परतल्यावर एकेक रिकामे मडके दगडावर फोडतात. राज्ये गेली, कचेऱ्या बदलल्या. बेट कागदावर अजून इकडचे आहे आणि ताब्यात अजून तिकडच्यांच्या. अधूनमधून कुणी अधिकारी येतो, दगडावरची अक्षरे नव्याने रंगवून घेतो, शेजारी उभा राहून फोटो काढतो. तेव्हा गावातली एखादी बाई त्याच्या हातात रिकामे मडके देते आणि बेटाकडे बोट दाखवते. झरा दगडापासून चाळीस पावलांवर आहे. आजवर एकानेही ते भरलेले नाही.