कोष्टीआळीतला शेवटचा माग

वेत्रवती नगरीवर राजा चंडसेनाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या कोष्टीआळीत जन्मला होता. त्या कोष्ट्यांचा एक रिवाज होता. कापडाचे थान पुरे झाले तरी मागावर जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोके ठेवायची आणि नवा ताणा त्यांनाच गाठी मारून जोडायचा. माग कधी रिकामा करायचा नाही, नाहीतर प्रत्येक धागा नव्याने ओवावा लागतो.

एके वर्षी टेकडीखाली काळ्या तेलाचा झरा लागला. परदेशी व्यापारी ते तेल सोने मोजून नेऊ लागले आणि येताना स्वस्त कापड आणू लागले. झऱ्यावर घागरी भरणाऱ्याला विणकराच्या चौपट मजुरी मिळे. राजाने सगळे कर माफ केले. मग त्याला जाब विचारण्याचे कारणही कुणाला उरले नाही. आळीतले माग एकेक करून चुलीत गेले.

बोधिसत्त्व दरबारात गेला. "महाराज, राजवाड्याचे कापड तरी आमच्याकडून घ्या. दहा माग चालू राहतील."

"म्हातारबा, महाग आणि वर जाडेभरडे कापड मी का नेसू?" राजा हसला, म्हणून दरबारही हसला.

मुलगा सोमदत्त घरी म्हणाला, "बाबा, लोक आपल्याला वेडे म्हणतात. मी झऱ्यावर जातो." तो गेला. बोधिसत्त्व एकटा विणत राहिला. डोळे गेले तेव्हा विणणे थांबले, पण टोके त्याने कापली नाहीत.

वीस वर्षांनी झरा आटला. व्यापारी पुन्हा फिरकले नाहीत. त्या साली कडाक्याची थंडी पडली आणि लोकांच्या अंगावर त्या स्वस्त कापडाच्या चिंध्या उरल्या होत्या. राजा स्वतः आळीत आला.

"कापड विणून दे. मागशील ते देतो."

"मला काही नको. टोके आहेत, सूतही जपले आहे. गाठ मारणारे हात नाहीत."

झऱ्यावरून परतलेला सोमदत्त मागावर बसला. चाळिशीच्या त्या माणसाला कोष्ट्याची साधी गाठ जमेना. आंधळ्या बापाने मागे बसून त्याची बोटे धरली. पुढे म्हाताऱ्याने एकेकाळी हसलेल्यांनाही कवडी न घेता शिकवले. पहिले थान उतरले त्या दिवशी राजाची नात थंडीने गेली. ते तिच्यावर पांघरले. जाडेभरडे म्हणून कुणी नाव ठेवले नाही. आळीत त्याआधी थंडीने चाळीस जण गेले होते, त्यांना तेवढेही मिळाले नव्हते.

सभेला ही कथा सांगून शास्ता, म्हणजे बुद्ध, म्हणाला, "सोमदत्त म्हणजे माझे चीवर, हे अंगावरचे वस्त्र, शिवणारा हा भिक्षू. चंडसेन म्हणजे मघाशी त्याच्या टाक्यांना हसलेले हे धनवान श्रेष्ठी. आंधळा कोष्टी मीच होतो. फळ दिसत नसतानाही हातचे काम न सोडणे, ही वीर्यपारमिता, प्रयत्नाची परिपूर्णता."

राजाबरोबर हसलेले ते दरबारी आज कोण आहेत, हे मघाशी श्रेष्ठींबरोबर हसलेल्या सभेत कुणी विचारले नाही.