ठकूबाईची ओंजळभर माती

भाविकहो, श्रीसोनबा महाराजांना मुक्कामाला माडी कधी लागली नाही. त्या वर्षी ते आंबेदऱ्याला आले ते घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, आणि उतरले वाघजाईच्या देवळातल्या ओवरीत. रंगराव इनामदारांनी घरी पलंग घालून बोलावणे धाडले होते. महाराजांनी ते हसून परत पाठवले आणि जमलेल्यांना विचारले, "गावात सगळ्यांत मोठा उकिरडा कुणाचा? आमची भाकरी त्या घरी."

उकिरडा म्हटला की आंबेदऱ्यात नाव एकच, ठकूबाईचे.

ठकूबाई एकटी बाई, दोन एकरांची धनीण. सकाळी गुरे चरायला निघाली की पाटी घेऊन त्यांच्या मागून चालायची आणि शेण गोळा करायची. झाडाखालचा पालापाचोळा, चुलीतली राख, गोठ्यातले भिजके गवत, काही म्हणून ती वाया जाऊ देत नसे. पाटी रिती करताना "घे गं आई" म्हणायची, तेवढीच तिची पूजा. उन्हाळ्यात ती धनगराच्या मेंढ्या खतासाठी रानात बसवी, आणि यंदा ज्वारी झाली तर पुढच्या साली तिथे हरभरा ठरलेला.

इनामदारांचा थाट वेगळा. कालव्याचे पाणी आले तसा त्यांनी उसावर ऊस घेतला. पाचट जाळायचे, शेणाच्या गोवऱ्या थापायच्या आणि रानाला पांढरे खत टाकायचे. पहिली चार वर्षे ऊस असा आला की बघणाऱ्याची मान दुखावी! मग दर साली खताच्या गोण्या वाढू लागल्या आणि ऊस बारीक होऊ लागला, पण इनामदारांना हे सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी पुढे होईना. इनामदार तर पागोट्याची घडी मोडेल म्हणून देवीपुढेही नुसते हात जोडत. ठकूबाई दिसली की मात्र त्यांची जीभ सैल सुटायची. देवीच्या ओटीत पण शेणच घालतेस का, असे ते चारचौघांत विचारीत आणि चारचौघे हसत. ती बिचारी पदर सावरून पुढे जाई.

आता घटाची रीत अशी होती की माती इनामदारांच्या रानातली आणि बी ठकूबाईच्या घरचे. सासूने मरताना राखेत घोळलेल्या बियांचे मडके तिच्या हाती दिले होते. गावात तिला मान म्हणून होता तो एवढाच.

घट बसले. तिसऱ्या माळेला कोंब दिसायला हवे होते, ते दिसले नाहीत. पाचव्या माळेची सकाळ उजाडली तरी परडीतली माती कोरडीठाक, वर पांढरट पापुद्रा धरलेला. पुजारी पाणी घालून थकले. घट रुजला नाही तर साल कसे जाणार, या धास्तीने गाव देवळात गोळा झाला. इनामदारांनी निकाल देऊन टाकला, की बी किडके आहे, पुढच्या सालापासून ठकूबाईचा मान बंद, बी आपण दुकानातून आणू. जाणत्यांनी माना डोलावल्या.

ठकूबाईच्या डोळ्यांना धार लागली. पण ती उभी राहिली आणि एवढेच बोलली, "मला काय बी बोला. माझ्या सासूचं बी खोटं न्हाई."

महाराजांनी तिच्याकडे पाहिले. किती मायेने पाहिले म्हणून सांगावे! म्हणाले, "माय, तुझ्या रानातली ओंजळभर माती आण."

ती पदरात माती घेऊन आली. काळीभोर, भुसभुशीत, भिजल्या मातीचा वास सुटलेली, आणि त्यात एक गांडूळ वळवळत होते. इनामदार मागे सरकले. देवीपुढे किडा आणला, विटाळ झाला, असे म्हणू लागले.

"रंगराव," महाराज म्हणाले, "हा देवीचा जुना नांगऱ्या आहे. ह्याला बैल लागत नाहीत. तुमच्या रानातून हा का निघून गेला, कधी विचारलंत?"

इनामदार नुसते पागोटे सावरू लागले.

महाराजांनी घट न हलवता ती माती परडीत वरून पसरली, तांब्यातले पाणी शिंपडले आणि परडीला हात लावून म्हणाले, "उपाशी होतीस आई. जेव आता." मग स्वतः टाळ घेऊन भजनाला बसले. दुपार टळली, उन्हे कलली, कुणी जागचे उठले नाही. दिवेलागणीला पुजारी आरतीचे निरांजन घेऊन गाभाऱ्यात गेले आणि तिथेच थबकले. सबंध परडी बोट-बोट उंचीच्या पिवळ्या कोंबांनी भरली होती! ओंजळ जिथवर पुरली नव्हती, तिथे इनामदारांच्या मातीतूनही ते वर आले होते. जयजयकाराने देऊळ दणाणले आणि ठकूबाई खांबाला धरून हसत रडत राहिली.

"बी तेच, घट तोच," महाराज इनामदारांना म्हणाले. "माती उपाशी होती. तुम्ही तिच्या हातचं जेवत राहिलात, तिच्या पानात मात्र काही वाढलं नाहीत."

इनामदार घरी गेले ते चार दिवस गावात दिसले नाहीत. गडी सांगत, मालक रानात जाऊन ढेकळे फोडतात आणि आत बघतात. कुठल्याच ढेकळात त्यांना गांडूळ सापडले नाही.

दसऱ्याला घटाचे तुरे वाटायचे होते. ते ठकूबाईने वाटावेत, असे महाराजांनी सांगितले. लोक टोपी पुढे करीत, ती तुरा खोवी. सगळ्यांत शेवटी इनामदार आले. ते चांगले सहा फुटी, ही त्यांच्या कोपराला येणारी. ती टाचा उंचावू लागली तसे ते वाकले. हात पुरेना, आणखी वाकले. शेवटी त्यांनी गुडघे टेकले, पागोटे सुटून घरंगळत गेले आणि उघडे डोके ठकूबाईच्या पायांवर आले.

ती बिचारी ओशाळली. "अवो इनामदार, उठा. पायाला शेण हाय माझ्या."

"असू दे वहिनी," इनामदार तसेच म्हणाले. "त्याच्यासाठीच वाकलोय."