आखूड परकर आणि दोन पिवळे दोरे

सगुणेचा परकर पुन्हा आखूड झाला! चांगला चार बोटं आखूड!

आणि शिवणारा कोण? तर तिचा सख्खा बाप लुमाजी शिंपी, ज्याच्या हातच्या अंगरख्यासाठी चंदनगडातले सरदार ताटकळत बसायचे. अख्ख्या गावाची मापं ज्याला तोंडपाठ, त्याला पोटच्या पोरीचं माप जमेना!

त्याचं असं की, लुमाजीचं आणि त्याची बायको राही हिचं काही पटलं नाही. घरं वेगळी झाली. आणि चंदनगडाचा कायदा पिढ्यान्पिढ्या असा, की नवरा-बायको वेगळे झाले की मूल एकाच घरी राहायचं. दुसऱ्यानं वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि दसऱ्याला, न्यायमंदिराच्या अंगणात शिपायासमोर बसून घटकाभर भेटायचं. पाडव्याला घेतलेल्या मापाचा परकर हाती पडायचा दसऱ्याला. पोरगी काय तोवर वाढायची थांबणार आहे?

"बाबा, तुम्हाला मी एवढीशीच आठवते का हो?" सगुणेनं विचारलं.

लुमाजीनं परकराची किनार खाली ओढून पाहिली. त्यानं काही बोलायच्या आत शिपाई ओरडला, "घटका संपली!"

पोरीला न्यायला आलेली राही जाता जाता हळूच म्हणाली, "मला तरी कुठं उसंत आहे? ताप आला की एकटीनंच उशाशी बसायचं. काहीतरी करा हो."

झालं! लुमाजीनं कात्री ठेवली आणि घरोघर हिंडायला लागला. कुठं बाप झुरत होता, कुठं आई. बघता बघता चाळीस माणसं जमली आणि रोज सकाळी राजवाड्याच्या दारात उभी राहायला लागली. मागणी एकच: मूल दोन्ही घरी सारखं राहू द्या!

नवव्या दिवशी हैबतराव महाराज वैतागले. माणूस वाईट नव्हता, पण हट्टी! एकदा नाही म्हटलं की नाही.

"ए शिंप्या! दोन घरांत वाढून धड निघालेलं एक तरी माणूस माझ्या राज्यात आहे का? आठ दिवसांत ते माझ्यासमोर उभं कर, कायदा बदलतो. नाहीतर ही फौज मोडायची आणि पुन्हा तोंड उघडायचं नाही!"

न्यायाधीश बाबदेवशास्त्री मिशीतल्या मिशीत हसले. दोन घरांत वाढायला कायद्यानंच बंदी, मग असं माणूस मिळणार कुठून?

चाळीस माणसांनी सात दिवस गावंच्या गावं पालथी घातली. एक माणूस मिळेल तर शपथ! आठव्या दिवशी सकाळी लुमाजी डोकं धरून दुकानात बसला. समोर खुंटीला मापांचे दोरे लोंबत होते. शिंप्याच्या घरची रीतच ती. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक दोरा, छातीला एक गाठ, बाहीला एक, उंचीला एक. आणि दोरा कधी टाकायचा नाही. लुमाजीच्या बापानं घेतलेली मापंसुद्धा तळाशी तशीच होती. त्यातले दोन पिवळे रेशमी दोरे लुमाजीनं ओढून काढले, निरखून पाहिले, बापाच्या तोंडून ऐकलेली जुनी गोष्ट आठवली आणि एकटाच खदखदा हसला.

दरबार भरला. लुमाजी पुढं आला.

"माणूस कुठाय?" महाराज गरजले.

"आणलंय हुजूर. पण आधी शास्त्रीबुवांना एक विचारू? दोन घरचं पोर निघतं तरी कसं?"

"कसं म्हणजे?" शास्त्रीबुवांना हुरूप आला. "हट्टी! तिरसट! आणि वर बिनडोक!"

"नक्की?"

"लिहून देतो!"

"कारकूनसाहेब, तेवढं लिहून घ्या," लुमाजी म्हणाला. कारकुनानं लिहून घेतलं. मग लुमाजीनं दोन्ही दोरे उंच धरले. "ही एकाच पोराची मापं, माझ्या बापानं घेतलेली. हे पाडव्याचं, हे दसऱ्याचं. बघा, सहा महिन्यांत पोर दोन बोटं वाढलंय! एक माप घेतलं आईच्या घरी, एक बापाच्या. सहा महिने इथं, सहा महिने तिथं. पोराला गाठोडं घेऊन हिंडायला लागू नये म्हणून बाबा प्रत्येक अंगरखा दोनदा शिवायचे. माप देताना ते स्वस्थ उभं राहायचं नाही, मग बाबा..."

"काखेत गुदगुल्या करायचा लेकाचा!" महाराज एकदम बोलून गेले.

हैबतराव लहान असताना थोरले महाराज या राजवाड्यात आणि आईसाहेब तळ्याकाठच्या महालात राहायच्या, हे म्हाताऱ्या मानकऱ्यांना ठाऊक होतं. पण बोलायची कुणाची छाती? आणि राजाच्या घरच्या भांडणाला कायदा लावणार कोण?

लुमाजीनं हात जोडले. "हुजूर, माणूस समोर बसलंय. त्याला उभं करणारा मी कोण? आणि ते धड निघालं की नाही, हे तरी मी कोण सांगणार? शास्त्रीबुवांनी आत्ताच सांगितलंय. कारकुनाला वाचायला सांगू?"

शास्त्रीबुवांना दरदरून घाम फुटला. "महाराज, शाई... शाई अजून ओली आहे! पुसता येईल!"

महाराजांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं, दोऱ्यांकडे पाहिलं आणि त्यांना गडगडाटी हसू फुटलं. मांडीवर थापा मारून मारून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"हट्टी आहे मी! तिरसटही आहे! पण बिनडोक नाही! शास्त्रीबुवा, कागद राहू द्या, तो कायदा पुसा! आजपासून मूल दोन्ही घरचं, सारखंच दोन्हीकडे!"

मग त्यांनी पिवळ्या रेशमाचं अख्खं ठाण मागवलं आणि लुमाजीच्या हातात दिलं. "दोन परकर शिव पोरीला. एक या घरचा, एक त्या घरचा. आणि आता बस, जेवूनच जा!"

"जेवायला पुन्हा येईन हुजूर!" ठाण काखोटीला मारून लुमाजी केव्हाच पायऱ्या उतरायला लागला होता. "पोरगी वाढतेय, माप घ्यायचंय!"