देवराईतले गाऱ्हाणे

कोकणातल्या आंबेरखोल गावाला वर्षभर पाणी देणारा झरा एकच, आणि तो देवराईत आहे. बाटलीबंद पाणी विकणाऱ्या एका कंपनीने भोवतालची जमीन घेतली आणि झऱ्याला कुंपण घालण्यास गावाची संमती मागितली. गावाने नकार दिला. गाव देवापुढे गाऱ्हाणे घालते, सारे जण त्याला 'व्हय महाराजा' म्हणतात आणि तो होकार कोणी मोडत नाही, हे कंपनीचे व्यवस्थापक तळवलकर यांना कळले.

ते नारळ घेऊन देवाचे पुजारी भिकाजी गुरव यांच्याकडे आले. "आमच्यासाठी गाऱ्हाणे घाला. होकाराची लोकांना सवयच आहे."

"घालतो साहेब. पण पहिला होकार मागणाऱ्याचा असतो."

गाव जमले. गुरवांनी हात जोडले.

"बा देवा महाराजा, तुझ्या झऱ्याचे पाणी हे लेकरू विकू म्हणते. त्याची किंमत त्याने तुझ्या पायाशी ठेवली असेल, तर झरा त्याचा होऊ दे."

सारे तळवलकरांकडे पाहू लागले. त्यांच्या तोंडून होकार निघेना.

"गुरव, देवाच्या पाण्याची किंमत कोणाला देता येते का?" ते अखेर हसून म्हणाले.

"नाही ना येत? मग जी किंमत तुम्हाला देता येत नाही, ती बाटलीमागे लोकांकडून घेणार कशी?"

तळवलकरांचे हसू मावळले. दुसऱ्या दिवशी कुंपणासाठी आणून ठेवलेले खांब गाडीत भरून परत गेले. देवासमोर खोटा होकार त्यांनी दिला नाही, एवढे मात्र त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.