मधली बँक

"अंगठा माझा आणि नाव तुझ्या मेलेल्या बायकोचं?"

"माई, अंगठा म्हणजे अंगठा. म्हातारीचा, रेघा झिजलेला. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

येसूमाईनं बँकेचा फॉर्म मागं ढकलला. विश्रामनं तो पुन्हा पुढं सारला. सकाळपासून हेच चाललं होतं.

जागा नदीकाठच्या दहाव्याच्या घाटावरची, पत्र्याची शेड. माई तिथंच राहायची. दर्भ कापायची, वळायची, क्रियेला आलेल्यांना द्यायची. घरात कुणी गेल्याशिवाय तिच्या वाऱ्याला कुणी उभं राहत नसे. विश्राम मात्र यायचा. वीस वर्षं येत होता, शिष्य म्हणवत होता. पतपेढीतला हिशेबनीस, पैचीही चूक नाही. असल्या माणसाला गुरू लागतो तो फक्त 'बरोबर आहे' म्हणायला.

"नीट ऐका," तो म्हणाला. "वासू पोर्तुगालहून दर महिन्याला तीनशे युरो पाठवतो. तिकडची बँक कापते, मधली बँक कापते, इकडची रुपये करताना कापते. युरोचंच खातं काढलं की युरोचे युरो राहतात. डॉलरचं निघतं, पौंडाचंही निघतं. पण येतात युरो, तर युरोचंच बरं. पोरगा परतला की अख्खे त्याच्या हातावर ठेवीन."

"मधली बँक कुठं असते?"



"ते... ठाऊक नसतं कुणाला. दोन देशांच्या मधे कुठंतरी. दोन दिवस पैसे तिथं असतात."

"तिकडचे नाहीत, इकडचे नाहीत."

"दोनच दिवस, माई."

माईनं दर्भाच्या दोन काड्या उचलल्या. वळायला लागली.

"खातं तुझ्या नावानं काढ."

"पैसे इंदूच्या नावानं येतात. नाव बदलायचं तर वासूला सांगावं लागेल."

"मग सांग."

...

"इंदू जाऊन चार महिने झाले, विश्राम. पोटच्या पोराला आई गेल्याचं सांगितलं नाहीस?"

"धावत येईल तो. त्याचे कागद कच्चे आहेत. एकदा तिथून निघाला की पुन्हा जाता यायचं नाही."

"खोटं."

भर बाराची वेळ. पत्र्यावर कावळे बसले होते. ओरडत नव्हते. नुसती नखं वाजत होती.

"खोटं," माई पुन्हा म्हणाली.

विश्रामनं खिशातून फोन काढला. इंदूचा. काच तडकलेली, मागं हळदीचं बोट.

"माझ्याशी बोलत नाही तो. जाताना भांडलो आम्ही. मी म्हणालो, गेलास तर मला मेलास. तेव्हापासून जे काय ते आईशी. मग ती लकव्यानं पडली. वाचा गेली, हात गेला. तिच्या फोनवरून मीच लिहायला लागलो. तिच्या नावानं. 'बरी आहे. जेवलास का?' तो लिहायचा, 'जेवलो.' मला कधी लिहिलं असतं का त्यानं, जेवलो म्हणून?"

"आणि ती गेल्यावर?"

"मीच."

"तो काय लिहितो?"

"'औषध घेतेस ना?' पैसेही औषधाचे म्हणूनच पाठवतो."

"आणखी?"

"एवढंच."

"आधीपासून एवढंच?"

"छे!" विश्राम हसला. "आधी डोकं खायचा नुसता. फणस धरला का, मोत्या कुठं झोपतो, बाबा अजून ताट आपटतात का... आता काम वाढलं असेल."

"कधीपासून वाढलं?"

"दसऱ्यापासून. इंदू गेली त्याच सुमारास."

"राहतो कुणाबरोबर?"

"एका खोलीत सहा जण. सगळे आपल्याच भागातले. जीव लावणारी पोरं आहेत, माई."

"असतील."

काडीवर काडी चढत होती. माईच्या हातात एक चोच झाली.

"इंदूच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता," ती म्हणाली.

"आठवतंय."

"पिंडापुढं उभा राहून काय काय बोललास तू?"

"घर मोडणार नाही म्हणालो. देवदिवा चुकवणार नाही म्हणालो."

"तोवर कावळे होते. फांदीवरून खाली उतरले होते."

"हो. मग म्हणालो, वासूची काळजी करू नकोस, त्याला सुखरूप परत आणतो..."

"मग?"

"सगळे उडून गेले."

"नदीपलीकडं गेले. दोन तास एकही फिरकला नाही. शेवटी मी दर्भाचा करून दिला, तो पिंडाला लावलास आणि घरी जाऊन जेवलास."



"जाताना इंदू काय बोलली?"

"भ्रम होता तो."

"काय बोलली?"

"वर्षभर तोंडातून शब्द नव्हता. त्या संध्याकाळी स्पष्ट म्हणाली... वासू आलाय. दार उघडा."

"उघडलंस?"

"बाहेर कुणी नव्हतं."

"उघडलंस का, ते विचारतेय."

...

"नाही."

दर्भाचा कावळा पुरा झाला होता. माईनं तो फॉर्मवर ठेवला. अंगठ्याचा चौकोन होता, बरोबर त्याच्यावर.

"हा शिवतो," ती म्हणाली. "पण खात नाही."

"म्हणजे?"

"इकडून तिच्या नावानं तू लिहितोस. तिकडून त्याच्या नावानं कोण लिहितं?"

विश्राम ताडकन उठला. फॉर्म उडाला, कावळा तिथंच राहिला.

"तोंड सांभाळा, माई! पाया पडतो म्हणून काहीही ऐकून घेणार नाही. जिवंत आहे माझा पोरगा! दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे येतात त्याचे!"

"पैसे घेते तर तुझी मेलेली बायकोही."

नदीचं पाणी हलत नव्हतं. विश्राम उभाच. मग खाली बसला.

"फोन लाव," माई म्हणाली.

"इंदूला वाचाच नव्हती. या फोनवरून कधी आवाज..."

"लाव."

त्याचा अंगठा काचेवर तीनदा चुकला. पैची चूक न करणारा माणूस.

घंटा वाजू लागली. लांब, परक्या देशातली घंटा.

चौथ्या घंटेला कुणीतरी उचलला.

कुणी 'हॅलो' म्हणालं नाही.

विश्राम बोलला असता तर इंदू मेल्याचं तिकडं कळलं असतं. तो बोलला नाही. फोन कानाला घट्ट धरून बसला.

तिकडूनही शब्द नाही. नुसता श्वास. मधेच अडकणारा, तरण्या माणसाचा. मागं भांडं पडल्याचा आवाज झाला आणि कुणीतरी कुणालातरी 'शू...' केलं.

कुणी फोन ठेवत नव्हतं.

विश्रामचे डोळे चमकले. त्यानं फोनवर हात धरला, कुजबुजला, "आहे, माई. तोच आहे. रडतोय. मला ओळखू येत नाही का?"

"मग नाव घे त्याचं."

त्यानं हात काढला. ओठ उघडले.

...

नाव आलं नाही.

तिकडचा श्वासही थांबला. वाट बघत असल्यासारखा.

पत्र्यावरची नखं वाजायची बंद झाली. विश्रामनं वर पाहिलं. एकही कावळा नव्हता.

माईनं दर्भाचा कावळा उचलला, दोन बोटांत धरून उसवला. काड्या वेगळ्या केल्या आणि पाण्यात सोडल्या. मग त्याच्या पाठीवर हात ठेवून अगदी हळू म्हणाली,

"बोल, विश्राम. ती मायलेकरं कधीची भेटलीत."