एका अक्षराचं खोटं

एका गावात एक शिंपी होता, आणि त्याच्या दुकानात कापडापेक्षा बक्षिसाच्या ढाली जास्त होत्या.

ढाली त्याच्या नव्हत्या, त्याच्या मुलीच्या होत्या. मुलीचं नाव जाई. वक्तृत्व असो, पाठांतर असो, चित्रकला असो, गाणं असो, शाळेत स्पर्धेचा कागद आला की त्यावर पहिलं नाव जाईचं. आणि ते नाव जाई देत नसे, तिचे अप्पा देत. बायका ब्लाऊजचं कापड घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "रघूभाऊ, कधी मिळेल?" रघू शिंपी म्हणायचा, "मिळेल हो वहिनी. आधी ही बघा, परवाची ढाल." बायका ढाल बघायच्या. ब्लाऊज सणानंतर मिळायचा.

पोरगी हुशार होती, त्यात काही खोटं नाही. पण तिच्या घरात दोन शब्द बंद होते. "येत नाही."

लहान असताना जाईनं ते एकदा म्हटले होते. "अप्पा, मला ही कविता येत नाही." अप्पांनी हात उगारला नाही. नुसतं शिलाई मशीन थांबवलं. संध्याकाळभर ते मुलीशी बोलले नाहीत, जेवताना तिच्या ताटाकडे बघितलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. मार पोरं विसरतात. ही गप्पगार संध्याकाळ जाई विसरली नाही. तेव्हापासून घरात काही बोलण्याआधी ती कान देऊन ऐकायची, मशीन चालू आहे ना.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातल्या पोरी मुक्ताच्या विहिरीत पोहायला शिकल्या. मुक्ता जाईच्या वर्गातली, शेतकऱ्याची पोर, तोंडानं फटकळ. पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि उडी मारायची, भोपळा माणसाला तरंगत ठेवतो. हात-पाय चालायला लागले की भोपळा सोडायचा. एकेक करून सगळ्या पोरींचे भोपळे सुटले. जाईचा सुटला नाही. भोपळा सोडला की तिचे पाय तळ शोधायचे, आणि विहिरीला काही तळ लागायचा नाही. मग ती किंचाळून पायरी पकडायची.

"मला गणितात भोपळा, तुला पाण्यात भोपळा," मुक्ता खिदळली. "चल, आता आपण सारख्या झालो."

जाईसुद्धा हसली. तिथं विहिरीवर हसता येत होतं. घरी अप्पांनी सुईत दोरा ओवता ओवता म्हटलं, "पोहायला आलं असेलच तुला." मशीन थांबलेलं होतं. जाई म्हणाली, "हो."

एका अक्षराचं खोटं. त्यापेक्षा छोटं खोटं बोलताच येत नाही. पण विंचूही छोटाच असतो.

शाळा सुरू झाली आणि आवटे गुरुजींनी सांगितलं, तालुक्याच्या तलावावर शाळकरी मुलांची पोहण्याची स्पर्धा आहे. जो पहिला येईल त्याला शहरातल्या क्रीडाशाळेत जागा मिळणार. राहणं फुकट, जेवण फुकट, शिक्षण फुकट. अशी संधी पुन्हा येत नाही.

दुपारी रघू शिंपी गळ्यात टेप तशीच ठेवून शाळेत हजर. "लिहा गुरुजी. जाई रघुनाथ."

"पोहता येतं ना तिला?" गुरुजींनी विचारलं.

"गुरुजी, माझ्या पोरीला काय येत नाही ते सांगा!"

गुरुजी हसले आणि नाव लिहिलं. जाई तिथंच दारात उभी होती. पाण्यात उतरायचं होतं तिला, आणि विचारलं तिच्या बापाला. कुणाची मान दाराकडे वळली नाही.

त्या दिवसापासून जाईच्या पोटात भीती राहायला आली. हंड्यात तांब्या बुडवताना बुडबुडे आले की तिच्या अंगावर काटा यायचा. ताप यावा म्हणून ती ओल्या केसांनी झोपली, हिरव्या चिंचा खाल्ल्या, उन्हात उभी राहिली. नको तेव्हा येणारा ताप हवा तेव्हा कुठला यायला!

अप्पा मात्र आनंदात. त्यांनी चकचकीत निळं कापड आणलं आणि तिच्यासाठी पोहण्याचा पोशाख स्वतः शिवायला घेतला. छातीला टेप लावली. टेपेखाली पोरीचं काळीज पकडलेल्या चिमणीसारखं धडधडत होतं. अप्पांना माप दिसलं.

"अप्पा," जाईनं तोंड उघडलं.

"हलू नकोस. माप चुकेल."

मग तिला वाटलं, आपणच शिकू. भर दुपारी, सगळं गाव सावलीला पडलेलं असताना ती एकटीच विहिरीवर गेली. भोपळा घरी ठेवला. शेवटच्या पायरीवर बसली, डोळे मिटले आणि हात सोडला.

पाणी नाकात गेलं. पाणी कानात गेलं. वर कुठलं आणि खाली कुठलं तेच कळेना. हाक मारायला तोंड उघडलं तर तोंडातही पाणी. हात काहीतरी शोधत होते आणि नशिबानं मोटारीचा पाइप हाताला लागला. त्याला ती घोरपडीसारखी चिकटली.

मुक्ता जनावरांना पाणी न्यायला आली म्हणून बरं. तिनं जाईला केसांना धरून पायरीवर ओढलं, पाठीत दोन रट्टे घातले आणि मग रडायला लागली. रडता रडताच भांडली.

"मरायला आलीस होय माझ्या विहिरीत? मग आम्ही पाणी कुठलं प्यायचं?"

जाईला ठसका लागला होता, तिला बोलता येईना.

"सांग तुझ्या बापाला. आजच्या आज सांग."

"नाही सांगता येत मुक्ते. तुला माहीत नाही."

"मग मी सांगते."

"सांगितलंस तर जन्मात तुझ्याशी बोलणार नाही."

"जन्म राहिला तर ना!" मुक्ता म्हणाली.

आणि ती खरंच गेली. अनवाणी, ओल्या परकरानं, शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. "काका, जाईला पोहता येत नाही. आत्ता बुडत होती. तिला पाठवू नका."

रघू शिंप्यानं मान वर केली, ढालींकडे बघितलं, मग या पोरीकडे बघितलं. "तुला स्वतःला काही मिळत नाही म्हणून जळतेस होय गं? पळ घरी. पाढे पाठ कर."

खरं बोलणाऱ्याला आधी मार्क विचारायचे आणि मग त्याचं ऐकायचं की नाही ते ठरवायचं. शहाण्यासुरत्या माणसांची ही रीत बघा.

संध्याकाळी तो जाईला म्हणाला, "ती मुक्ती आली होती. म्हणे तुला पोहता येत नाही. दिली हाकलून. बरोबर केलं ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. दार आपोआप उघडलं होतं. जाईच्या कानात अजून विहिरीचं पाणी होतं. पण मशीन थांबलेलं होतं, अप्पांचा हात चाकावर होता आणि ते तिच्याकडे बघत होते.

"हो," जाई म्हणाली.

मशीन सुरू झालं.

स्पर्धेच्या दिवशी तलावावर जत्रेसारखी गर्दी. लाउडस्पीकर, पताका, भजीची गाडी. काठावर पालकांची रेटारेटी. पोरं बांधाच्या कडेला ओळीनं उभी, आणि त्यांच्या पायाखाली काळंभोर पाणी. होडी होती, नाही असं नाही. पण ती पार पलीकडे, जिंकणाऱ्याला उचलून घ्यायला. बुडणाऱ्याचा विचार कुणी केला नव्हता. बुडणारं पोर कुणाचंच नव्हतं ना, सगळ्यांची पोरं जिंकायला आली होती.

जाई निळ्या पोशाखात उभी होती. मागून अप्पांचा आवाज आला, "घाबरायचं नाही जाई! आपल्याला काय येत नाही!"

तिच्या शेजारी दुसऱ्या गावचा एक मुलगा होता. चांगला थोराड, छाती पुढे काढून उभा. त्याचा बाप गर्दीतून ओरडत होता, "वाघ आहेस तू, वाघ!" वाघाची नजर पाण्यावरून हटत नव्हती.

"खोल आहे का गं?" त्यानं ओठ न हलवता विचारलं.

"माहीत नाही. तळ दिसत नाही."

जाईनं विचारलं, "तुला येतं ना पोहायला?"

त्यानं मागे बापाकडे बघितलं.

"हो," तो म्हणाला.

तो 'हो' जाईनं ओळखला. दुसरं कुणी ओळखलं नसतं. तिच्या घरातलाच 'हो' होता तो, तेवढाच छोटा, तसाच घशात अडकलेला. स्वतःच्या तोंडून दोनदा निघाला तेव्हा तिला तो ऐकू आला नव्हता. दुसऱ्याच्या तोंडून आला आणि तिला एकदम दिसलं, हा आता उडी मारणार. आपणही मारणार. आणि इथं मोटारीचा पाइप नाही.

पंचांनी शिट्टी तोंडाजवळ नेली. "तयार! एक… दोन…"

"मला पोहता येत नाही!"

वक्तृत्वाच्या ढाली मिळवलेला आवाज होता तो. पलीकडच्या होडीपर्यंत गेला.

एकच हशा पिकला. "अगं, मग आलीस कशाला? भजी खायला?" कुणीतरी ओरडलं. रघू शिंपी माणसं सारत पुढे आला. त्याचं तोंड लालभडक झालं होतं. "घाबरलीय जरा. येतं तिला, सगळं येतं. साहेब, तुम्ही वाजवा शिट्टी!"

जाई कडेपासून मागे सरकून बांधावर घट्ट उभी राहिली. "येत नाही अप्पा. मी तुमच्याशी खोटं बोलले. मला पोहता येत नाही."

पंचांनी शिट्टी खाली घेतली.

तेवढ्यात शेजारचा वाघ खाली वाकला. गुपचूप आपला शर्ट उचलला आणि घालायला लागला. उलटाच घातला. त्याच्या बापाची आरोळी तोंडातच राहिली. ओळीच्या टोकाला एक चिमुरडी होती, ती मटकन खाली बसली आणि गुडघ्यात डोकं घालून मोठ्यानं रडायला लागली. "माझ्या भावाला येतं," ती रडत सांगत होती, "मला नाही येत, भावाला येतं…"

आता कुणी हसत नव्हतं.

पंचांनी सगळ्या पालकांना मागे हटवलं. एकेका पोरासमोर जाऊन उकिडवे बसले आणि त्याच्या डोळ्यांत बघून हळू आवाजात विचारलं, "बाळा, तुला स्वतःला येतं का? नाही म्हणालास तरी चालेल." एक मुलगा मागे सरला. मग एक मुलगी. अगदी खेळाडूसारखा दिसणारा आणखी एक. ओळीत ही एवढाली खिंडारं पडली आणि त्या खिंडारांतून पाणी दिसायला लागलं.

रघू शिंप्याला तेव्हा पहिल्यांदा पाणी दिसलं. तोवर त्याला क्रीडाशाळाच दिसत होती. तो बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिला. लालभडक तोंड राखेसारखं झालं.

"मला का नाही सांगितलंस गं?" तो कसाबसा म्हणाला.

"तुम्ही विचारलंत कुठं अप्पा?" जाई म्हणाली. "तुम्ही प्रत्येक वेळी सांगितलंत."

पंचांनी होडी अलीकडे आणवली. ज्यांना येत होतं ती पोरं पोहली. क्रीडाशाळेतली जागा दुसऱ्याच गावच्या एका मुलीला मिळाली. तिला खरंच येत होतं, तिला मिळाली, चांगलं झालं. जाईला गावात चार दिवस लोक हसले. हसू देत. हसण्यानं कुणी बुडत नाही.

पण त्या दिवशी तलावाच्या काठावर, वाऱ्यानं कुडकुडणाऱ्या पोरीला रघू शिंप्यानं आपल्या अंगातला शर्ट काढून घातला आणि त्याची बटणं लावायला घेतली. सगळ्या गावाची बटणं शिवणारा माणूस तो. पण एक बटण काही केल्या काजात जाईना.

तात्पर्य: पोराला स्पर्धेत उतरवण्याआधी त्याला विचारा, आणि त्याला 'नाही' म्हणता येईल अशा रीतीनं विचारा. ज्या घरात 'मला येत नाही' म्हणण्याची चोरी असते, त्या घरातल्या 'हो'वर पोराचा जीव टांगू नका.